‘दिसून येते’, पण कुणाला?

संशोधनाचा कच्चा मसुदा हातात आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही. शिसपेन्सिल घेते आणि ‘दिसून येते’, ‘आढळून आले’, ‘जाणवते’, ‘निदर्शनास येते’ एवढेच शब्द शोधत पानं उलटते. सापडेल त्याखाली रेघ मारते आणि समासात लिहिते: कुणाला?

गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीच्या मसुद्यात अशा एकेचाळीस रेघा पडल्या. ती एका कार्यालयात नवी संगणकप्रणाली आल्यावर काय बदललं याचा अभ्यास करत होती. तिचं वाक्य होतं: ‘नव्या प्रणालीमुळे कर्मचाऱ्यांमध्ये असुरक्षिततेची भावना दिसून येते.’

“कुणाला दिसली?”

“मला, मॅडम.”

“कधी?”

“दुसऱ्या आठवड्यात.”

“तेव्हा बसली कुठे होतीस?”

साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर. तीच जागा तिला नेमून दिली होती. बोललेले किती जण? तिघं. त्यातल्या दोघांनी तोंड उघडण्याआधी विचारलं होतं, “हा अहवाल वर जाणार का?”

मग आम्ही दोघींनी बसून ते वाक्य पुन्हा लिहिलं: ‘दुसऱ्या आठवड्यात मी साहेबांच्या केबिनबाहेर बसले असताना तिघांनी मला नोकरीची धास्ती वाटत असल्याचं सांगितलं. त्यांपैकी दोघांनी आधी हा अहवाल वर जाणार का, हे विचारून घेतलं.’ वाक्य लांबलं आणि दावा आखडला. पण आता त्यावर भांडता येतं. धास्ती प्रणालीची होती, की त्या बाकावर वही घेऊन बसलेल्या पोरीची? पहिल्या वाक्यात हा प्रश्न उपस्थित व्हायलाच जागा नव्हती.

आपल्या भाषेनं खरं तर निरीक्षकाची सोय आधीच करून ठेवली आहे. दिसणं, वाटणं, ऐकू येणं, आठवणं, सुचणं, आढळणं या क्रियापदांबरोबर अनुभव घेणारा चतुर्थीत येतो: मला दिसलं, तिला वाटलं, त्यांना आठवलं. प्रबंधाची भाषा हा ‘मला’ तेवढा अलगद काढून घेते आणि उरलेल्या वाक्याला वस्तुनिष्ठ म्हणते. निरीक्षकाला अभ्यासात आणायचं म्हणजे नवं काही चिकटवायचं नाही. ती गाळलेली चतुर्थी जागेवर आणायची. कुठे आणायची आणि कुठे नाही, यातच सगळं कसब आहे.

हे का करायचं

‘हल्ली पद्धत आहे म्हणून’ असं उत्तर मी ऐकते तेव्हा हात टेकते. कारण साधं आहे. आपण ज्यांच्याबद्दल लिहितो ती माणसं आपल्याकडे बघत असतात, आपण लिहिलेलं वाचू शकतात आणि वाचून वागणं बदलू शकतात. खडकाच्या बाबतीत ही अडचण येत नाही. समाजशास्त्रज्ञ विल्यम थॉमस आणि डोरोथी थॉमस यांनी 1928 मध्ये म्हटलं होतं की माणसं एखादी परिस्थिती खरी मानतात तेव्हा तिचे परिणाम खरे होतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1948 मध्ये त्यातून बँकेचं उदाहरण रचलं: बँक भक्कम आहे, पण ती बुडणार अशी बोलवा उठते, ठेवीदार धावत येतात आणि बँक खरंच बुडते. ही बोलवा उठवणाऱ्याच्या जागी अर्थतज्ज्ञाचा अंदाज ठेवा, मानसोपचारातलं एखादं निदान ठेवा किंवा तुमचा प्रबंध ठेवा. वर्णन हे वर्णिलेल्या गोष्टीतच जाऊन बसतं. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी माणसांच्या वर्गवारीबाबत याला फिरून येणारा परिणाम म्हटलं: नाव दिलं की माणसं त्या नावाला धरून किंवा नावाविरुद्ध वागू लागतात आणि मग नावच अपुरं पडतं.

या विचाराला शिस्त लावण्याचं श्रेय मी सायबरनेटिक्सवाल्यांना देते. यंत्रांच्या आणि जीवांच्या नियंत्रणाचा अभ्यास करणाऱ्या या लोकांना 1967 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी सुनावलं की तुमची तत्त्वं आधी तुमच्याच संघटनेला लावून बघा. 1974 मध्ये इलिनॉय विद्यापीठात त्यांच्यातलेच हाइन्झ फॉन फर्स्टर यांनी फरक नेमका मांडला: पहिल्या पातळीवर आपण निरीक्षिल्या जाणाऱ्या व्यवस्थांचा अभ्यास करतो, दुसऱ्या पातळीवर निरीक्षण करणाऱ्या व्यवस्थांचा. चिलीचे जीवशास्त्रज्ञ उंबेर्तो मातुराना यांचं 1970 मधलं विधान तर भिंतीवर लावण्याजोगं आहे: जे काही बोललं जातं ते कुणा निरीक्षकानं बोललेलं असतं.

इथे बरेच जण घाबरतात. मग विज्ञान संपलं का, सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीवर का? जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातले सायबरनेटिक्सचेच अभ्यासक स्टुअर्ट अंपलबी यांनी दाखवलेली वाट मला इथे सगळ्यात उपयोगाची वाटते. त्यांनी भौतिकशास्त्रातलं एक जुनं तत्त्व उचललं. नवा सिद्धान्त जुन्याला खोटं ठरवत नाही. तो एक नवी मिती जोडतो आणि त्या मितीचं मूल्य शून्याजवळ गेलं की जुना सिद्धान्त परत मिळतो. वेग प्रकाशाच्या मानानं अगदी कमी असला की सापेक्षतेच्या जागी न्यूटन पुरतो, तसं. समाजविज्ञानात ही नवी मिती म्हणजे निरीक्षकाकडे द्यायचं लक्ष. मी तिला आकाशवाणी संचाच्या बटणासारखी समजते. पिळून शून्यावर आणता येते, शेवटपर्यंत वरही नेता येते. इमारतीत माणसं किती, हे मोजताना शून्याजवळ ठेवा. त्या माणसांना समाधान आहे का, हे विचारताना बरीच वर न्या. संपूर्ण अभ्यासाला एकच आकडा लावू नका. प्रत्येक विधानाला वेगळा लावा.

(या चर्चेत कुणी भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांचं अनिश्चिततेचं तत्त्व आणलं की मी विषय बदलते. इलेक्ट्रॉनचं स्थान आणि संवेग यांच्याबद्दलचं ते गणित आहे. मुलाखत देणारा माणूस तुम्हाला बघून शर्ट नीट करतो, त्याला दुसरं आणि जास्त सोपं कारण आहे.)

सुरुवातीआधीचं एक पान

क्षेत्रात पाऊल टाकण्याआधी एका पानावर लिहून ठेवा: मला काय सापडलं तर आनंद होईल? नेमकं उलटं सापडलं तर कुणाला तोंड दाखवणं जड जाईल? तारीख घाला, पाकिटात टाका, पाकीट चिकटवा आणि ते दुसऱ्या कुणाकडे द्या. स्वतःजवळ ठेवलंत तर ते आतून बदलतं, असा माझा अनुभव आहे.

हे का, ते मेक्सिकोतल्या तेपोस्त्लान या गावाच्या कथेतून समजतं. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट रेडफिल्ड तिथे 1926-27 मध्ये राहिले आणि 1930 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात एक सुसंवादी, जुळवून घेणारं, बऱ्यापैकी समाधानी गाव होतं. सतरा वर्षांनी, 1943 मध्ये, दुसरे मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुइस त्याच गावात गेले. 1951 मध्ये त्यांनी लिहिलेल्या गावात संशय होता, भांडणं होती, गरिबी आणि भीती होती. गाव तेच. मधल्या वर्षांत बदल झाला असेल, पण एवढा फरक निव्वळ वर्षांनी पडत नाही, आणि लुइस यांचाही आक्षेप तोच होता की रेडफिल्ड यांना बरंच दिसलंच नाही.

अशा वेळी माणूस सहसा आकडे काढून भांडतो. रेडफिल्ड यांनी 1955 मध्ये वेगळं काही केलं. त्यांनी लिहिलं की माझ्या पुस्तकामागे एक दडलेला प्रश्न होता: हे लोक कशात रमतात? आणि लुइस यांच्या पुस्तकामागचा दडलेला प्रश्न होता: हे लोक कशानं पोळतात? मी ही जागा दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, “मग खरं कोण?” हा प्रश्न लगेच सोडू नका. काही बाबतीत दोघांपैकी एक सरळ चुकलेला असू शकतो, आणि भांडणं झाली की नाहीत हे तपासता येतं. पण एकाच्या वहीत सणाच्या तयारीला पानंच्या पानं आणि दुसऱ्याच्या वहीत हद्दीच्या वादाला, हा फरक चुकीचा नसतो. तो प्रश्नाचा असतो. पाकिटातलं पान तुमचा दडलेला प्रश्न बाहेर काढण्यासाठी आहे.

आणि पानावर फक्त स्वभाव लिहून थांबू नका. पैसे कोण देतं, मुदत कधी संपते, पदवी कशावर अवलंबून आहे, हेही लिहा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांचा मुद्दा असा होता की संशोधकाची सगळ्यात मोठी आंधळी जागा त्याच्या बालपणात नसते, त्याच्या पेशात असते. ज्याला बसून विचार करायची सवड आहे, त्याला दुसऱ्याचं घाईत जगलेलं आयुष्य कोड्यासारखं दिसू लागतं. मला हे पटतं. विद्यार्थी आपल्या जातीवर्गाबद्दल दोन पानं भरून लिहितात आणि प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता म्हणून पावसाळ्यातलं काहीच पाहिलं नाही, हे मात्र कुठेच लिहीत नाहीत.

वही

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे: काय बोललं गेलं, कोण आलं, किती वाजले. उजवीकडे: मी कुठे होते, माझ्याकडे कोण बघत होतं, मला काय झालं. कंटाळा, राग, भूक, कुणीतरी आवडणं, सगळं. दोन्ही बाजू एकाच वेळी भरा. उजवी बाजू रात्री आठवून लिहिली तर तिचं साहित्य होतं.

दोन वह्या मात्र करू नका. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी पापुआ न्यू गिनीतल्या ट्रॉब्रियंड बेटांवर राहून केलेल्या कामावरचं पुस्तक 1922 मध्ये आलं आणि क्षेत्रकार्याचा वस्तुपाठ ठरलं. त्यांची खाजगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, 1967 मध्ये, छापली गेली. तिच्यात चिडचिड होती, एकटेपणा होता, बेटावरच्या लोकांबद्दल तुच्छतेचे शब्द होते. लोक हादरले ते त्या शब्दांनी. माझी तक्रार वेगळी आहे: चिडलेल्या दिवशी त्यांनी कुणाशी बोलणं टाळलं आणि त्यामुळे कुठला भाग अर्धा राहिला, हे कळायला वाचकाला दोन कपाटं उघडावी लागतात. मधली रेघ हे काम एकाच पानावर करते.

‘हं’

आता मुलाखत. इथे मी स्वतःच तोंडावर आपटले आहे, म्हणून जरा थांबते.

नोकरी सोडलेल्या माणसांच्या मुलाखती मी घेत होते. माझं पाकिटातलं गृहीतक असं की लोक पगारामुळे नाही, अपमानामुळे नोकरी सोडतात. बावीस मुलाखती झाल्या आणि बहुतेकांत अपमान निघाला. मी खूश. ध्वनिमुद्रणं उतरवून काढायला मी दुसऱ्या एकीला दिली होती आणि तिला सांगितलं होतं की माझंही सगळं उतरव, खोकलासुद्धा. कागद आले. सातव्या मुलाखतीचं पान असं होतं:

— पगार तसा कमीच होता.
— अच्छा.
— घरापासून लांब पण पडायचं.
— अच्छा.
— आणि ते साहेब जरा… सगळ्यांसमोर बोलायचे.
— हं… हं. सगळ्यांसमोर?
— हो ना. एकदा तर…

पुढे दीड पान साहेब. पगारावर माझा ‘अच्छा’ पूर्णविरामासारखा पडत होता. साहेबांवर माझा ‘हं’ लांबत होता, वर चढत होता, आणि बोलणाऱ्याचाच शब्द उचलून मी त्याला परत देत होते. बोलणारा माणूस मूर्ख नसतो. समोरच्याला काय हवं आहे हे त्याला तिसऱ्या मिनिटाला कळतं आणि तो आपल्याला ते देतो, चांगुलपणानं.

शंभर वर्षांपूर्वीच्या एका घोड्यानं हे आधीच शिकवून ठेवलं आहे. बर्लिनमधला हान्स हा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं द्यायचा. 1904 मध्ये समितीनं तपासलं, तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी नेटानं प्रयोग केले आणि 1907 मध्ये ते प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा तो घोड्याच्या नजरेआड असला, की हान्सची हुशारी संपायची. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा खूर थांबवायचा. यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तपशील पुढचा आहे: हे सगळं ठाऊक झाल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःच्या त्या हालचाली पूर्ण आवरता येईनात.

म्हणजे ‘मी सजग राहीन’ असं ठरवून भागत नाही. मांडणी बदलावी लागते. मी तीन गोष्टी केल्या. उरलेल्या मुलाखतींपैकी निम्म्या, गृहीतक ठाऊक नसलेल्या एकाकडून करून घेतल्या. प्रश्नांतून शेवटचे ‘ना’ काढले. ‘त्रास व्हायचा ना?’ हा प्रश्न नाहीच, ती सही करायला पुढे केलेली वही आहे. आणि जुन्या बावीस मुलाखतींत प्रत्येक विषयावर माझे ‘हं’ किती, ‘अच्छा’ किती, हे मोजून तक्ता केला आणि तो निष्कर्षांच्याच प्रकरणात, त्याच पानावर छापला. अपमानाचा मुद्दा नव्या मुलाखतींतही टिकला, पण पगार आणि अंतर हेही जोडीला येऊन बसले. माझं मूळ वाक्य ‘पगारामुळे नाही, अपमानामुळे’ असं होतं. त्यातला ‘नाही’ माझा निघाला.

उलट्या दिशेची घसरण

एवढं वाचून कुणी प्रत्येक निष्कर्षाला ‘माझ्या उपस्थितीचा परिणाम’ म्हणू लागेल, तर तेही तपासाशिवाय म्हणू नये. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातली गोष्ट सगळे सांगतात: दिवे वाढवले, उत्पादन वाढलं, दिवे कमी केले, तरी वाढलं, कारण कामगारांना कळलं होतं की आपल्याकडे कुणी बघतंय. प्रकाशाचे ते प्रयोग 1924 ते 1927 या काळातले. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांनी त्यांची मूळ आकडेवारी शोधून पुन्हा मांडली आणि 2011 मध्ये प्रसिद्ध केली. गोष्टीत सांगतात तसा ठसठशीत परिणाम त्यांना त्यात सापडला नाही. फार तर पुसट खुणा. निरीक्षकाचा परिणाम हेही एक गृहीतकच आहे, त्यालाही पुरावा लागतो. उपाय सोपा: वहीच्या उजव्या बाजूवरून दिवस निवडा. मी नसतानाची नोंदवही, आवक-जावक, हजेरी मिळाली तर माझ्या दिवसांशी ताडून बघा. फरक नसेल तर तसं लिहा आणि बटण खाली आणा.

लिहिताना

प्रस्तावनेत ‘मी एक शहरी, मध्यमवर्गीय स्त्री असल्याने…’ असा परिच्छेद टाकायची आता रीतच पडली आहे. माझी कसोटी अशी: तो परिच्छेद झाकून चौथं प्रकरण वाचा. काही बिघडलं? नसेल तर तो खोडा, ती देवपूजा आहे. बिघडलं असेल तर तो उचलून चौथ्या प्रकरणात, नेमक्या त्या विधानाशेजारी ठेवा. वाचकाला तुमचं चरित्र नको असतं. तुमच्या जागी स्वतःला बसवून तेच दिसतं का, हे बघण्यापुरतं त्याला लागतं: जागा, वेळ, कुणाच्या ओळखीनं आत गेलात, काय विचारलंत, काय विचारायला धजावला नाहीत.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांची छाननीही करा. मराठीनं हा फरक फुकट दिला आहे, तो वापरत नाही आपण. ‘आम्हाला असं वाटतं’ यात ज्यांचा अभ्यास केला ते बाहेर आहेत. ‘आपल्या समाजात’ यात ते आत ओढले आहेत, त्यांना न विचारता. मी मसुद्यातल्या प्रत्येक ‘आपण’वर बोट ठेवून विचारते: यात ती मुलाखत देणारी बाई आहे का? तिनं होकार दिला आहे का?

मग मसुदा तिलाच वाचायला द्या. ती म्हणेल ‘मी असं बोललेच नाही’; ध्वनिमुद्रण काढून दाखवायची घाई करू नका. का नाकारते आहे, हेही टिपण आहे. माझ्या एका उत्तरदात्यानं मसुदा वाचून फक्त एवढंच म्हटलं, “ताई, हे बरोबर आहे, पण असं कुणी बोलत नाही.” मी त्या वाक्यासाठी तळटीप नाही, स्वतंत्र उपप्रकरण केलं.

निरीक्षक आत आणला म्हणजे वाटेल ते चालतं, असा अर्थ कुणी काढू नये. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी 1904 मध्येच दोन गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या: कुठला प्रश्न विचारण्याजोगा, हे आपली मूल्यं ठरवतात, पण त्यावरचा पुरावा योग्य असेल तर ज्याची मूल्यं पूर्ण वेगळी आहेत त्यालाही तो मान्य करावा लागला पाहिजे. माझ्या ‘हं’चा तक्ता हा अशाच पूर्ण परक्या वाचकासाठी होता. त्याला मी आवडायची गरज नाही. त्याला माझे ‘हं’ वजा करता आले पाहिजेत.

शेवटची अडचण व्यवहाराची. एका नियतकालिकानं माझा लेख ‘प्रथमपुरुषी उल्लेख काढावेत’ असा शेरा मारून परत पाठवला. मी भांडले, हरले. तेव्हापासून असा शेरा आला की ‘मला’ काढते, पण जागा आणि वेळ काढत नाही: ‘दुसऱ्या आठवड्यात, केबिनबाहेरच्या बाकावरून, तिघांकडून’. तक्त्यांच्या खाली जिथे ‘स्रोत’ लिहितात तिथेच आणखी एक ओळ घालते: कुणी विचारलं, कुठे, समोर आणखी कोण होतं. संपादक स्रोताच्या ओळीला सहसा हात लावत नाहीत.